सीप्झ ते कुलाबा : सोने, लेझर आणि प्रतिद्रव्य

सकाळी साडेआठच्या सुमारास सीप्झच्या फाटकासमोर रिक्षा उभी करायला जागा नसते. अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेकडून बेस्टच्या बस भरभरून येतात, मेट्रोच्या जिन्यावरून माणसांचा लोंढा वर येतो आणि गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी अशा वेशातले कारागीर तपासणीच्या रांगांत उभे राहतात. पूर्ण नाव सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन असले तरी ही वसाहत अंधेरी पूर्वेची, मरोळच्या एमआयडीसीला खेटून असलेली. १९७३ साली ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी उभारली गेली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे हिरे आणि दागिन्यांचे कारखाने आले, आणि आज सीप्झ म्हटले की अंधेरीकराला आधी सोने आठवते.

या कारखान्यांत सोन्याची आणि लेझरची गाठ रोज पडते. नाजूक साखळीची कडी सांधायची असेल आणि शेजारीच खडा बसवलेला असेल, तर ज्योत लावता येत नाही, खडा तडकतो. लेझरचा ठिपका मात्र केसाएवढ्या जागेवर पडतो आणि बाकीचा दागिना थंडच राहतो. हॉलमार्कबरोबर येणारा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यांवर सक्तीचा झाला. तोही लेझरनेच कोरतात. अलीकडे घेतलेली बांगडी भिंगाखाली धरली तर आतल्या बाजूला तो दिसतो. पलीकडे मरोळच्या गाळ्यांत ॲक्रिलिक आणि लाकूड कापणारी लेझर यंत्रे चालतात. त्यातली बरीचशी कार्बन डायऑक्साइड लेझरवर चालणारी. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार करणारे सी. कुमार पटेल जन्माने बारामतीचे, आणि शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात.

सोने आणि लेझर यांची हीच जोडी जगातल्या काही प्रयोगशाळांत प्रतिद्रव्य तयार करते. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत हुई चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटन नावाच्या लेझरचा झोत सुमारे मिलिमीटरभर जाडीच्या सोन्याच्या पत्र्यावर सोडला. झोत टिकला काही पिकोसेकंद. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. पत्र्याच्या मागच्या बाजूने पॉझिट्रॉन बाहेर पडले, आणि मोजलेल्या कणांवरून हिशेब केला तेव्हा पत्र्यात दहा हजार कोटींच्या आसपास पॉझिट्रॉन तयार झाले असावेत असे निघाले. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. वस्तुमान तेवढेच, विद्युतभार उलटा. दहा हजार कोटी कणांचे एकूण वस्तुमान भरते ग्रॅमच्या अब्जांश भागाचा जेमतेम एक कोट्यांश. पण ते सगळे एका क्षणात, एका ठिपक्याएवढ्या जागेतून, एकाच दिशेने निघतात. खगोलशास्त्रज्ञांना त्याचेच महत्त्व वाटते.

त्या पत्र्याच्या आत जे घडते त्याचे गणित १९३७ साली एका मुंबईकराने मांडले होते. त्याने पुढे उभारलेली संस्था कुलाब्याच्या टोकाला आहे, आणि आता सीप्झहून जवळजवळ तिथपर्यंत थेट गाडी जाते.

मुंबईच्या मेट्रो ३ ची कागदोपत्री ओळख कुलाबा-वांद्रे-सीप्झ अशी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. २७ स्थानकांपैकी आरे सोडले तर बाकीची सगळी जमिनीखाली. रस्त्याची वळणे सोडून सरळ रेषेत मोजले तर सीप्झपासून कफ परेड सुमारे २४ किलोमीटरवर आहे. खगोलशास्त्रात हे अंतर ओळखीचे आहे, कारण न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास साधारण तेवढाच, २० ते २५ किलोमीटर. एक टोक अंधेरीत आणि दुसरे कुलाब्यात टेकेल अशा गोळ्यात सूर्यापेक्षाही जास्त वस्तुमान कोंबलेले, आणि तो गोळा स्वतःभोवती गरगरतो आहे. वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघाच्या पोटातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० वेळा फिरतो. इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी भर दिवसा दिसणारा जो नवा तारा नोंदवला, त्याच स्फोटाचा हा अवशेष. त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखो कोटी पट. त्या क्षेत्रात गॅमा किरण शिरला की त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते, त्या जोडीतून नवे गॅमा किरण निघतात, त्यांच्यापासून नव्या जोड्या. अशा जोड्यांचा वारा ताऱ्यापासून अखंड वाहत असतो, आणि सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा तो तेजोमेघ त्यांच्यामुळेच आजही उजळलेला आहे.

तिथे जाऊन पाहणे कोणाला शक्य नाही. म्हणून तो वारा टेबलावर, चिमूटभर प्रमाणात का होईना, वाहता करायचा आणि मोजायचा, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

गाडी एमआयडीसी आणि मरोळ नाका मागे टाकून विमानतळाच्या खाली शिरते. या भुयाराच्या वर काळ्या पाषाणाचा थर आहे, अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलचा जो खडक त्याच कुळातला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. प्रवाशाच्या डोक्यावरची एक गोष्ट इथे बरीच कमी होते, ती म्हणजे वैश्विक किरणांचा पाऊस. अंधेरीच्या रस्त्यावर तळहात उताणा धरला तर त्यातून दर मिनिटाला म्यूऑन नावाचे शंभराच्या आसपास कण आरपार जातात. अवकाशातून आलेला वेगवान प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूवर आदळतो आणि त्यातून कणांची झोड उठते. या झोडीत पॉझिट्रॉनही असतात. म्हणजे प्रतिद्रव्य लोखंडवालाच्या गच्च्यांवर रोज उतरते आणि क्षणात नाहीसे होते. स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर मिळणाऱ्या केळ्यातही ते असते. केळ्यातल्या पोटॅशियमचा एक अत्यल्प अंश किरणोत्सारी आहे, आणि त्यातून तासा-दीड तासाने एखादा पॉझिट्रॉन निघतो.

पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणाने असा कण असायला हवा अशी चाहूल दिली होती. १९३२ साली कार्ल अँडरसन यांनी कॅलिफोर्नियात मेघपेटीत त्याचा माग टिपला. मधोमध शिशाची पट्टी ठेवलेली, भोवती चुंबक. शिशातून जाताना कणाचा वेग घटतो आणि त्याचा मार्ग जास्त वाकतो, म्हणून तो कोणत्या दिशेने आला ते कळते. वाकण्याची बाजू सांगत होती की भार धन आहे आणि मागाची लांबी सांगत होती की हा प्रोटॉन असूच शकत नाही. सूक्ष्म गोष्टीबद्दल इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. १९३६ चे नोबेल त्यांना मिळाले.

प्रतिद्रव्य म्हटले की आजही लोकांना चित्रपटातला बॉम्ब आठवतो. मुंबईच्या डॉक्टरांना मात्र ते रोजचे झाले आहे. विद्यानगरी, वांद्रे, धारावी करत गाडी दादरकडे येते तेव्हा पूर्वेला परळ आहे. तिथल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातले पहिले पेट स्कॅन केंद्र आणि त्यासाठी लागणारे वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले. पेटमधला पहिला शब्दच पॉझिट्रॉन. रुग्णाला फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. ती भुकेल्या गाठीत साठते, फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनशी भेटतो आणि दोघेही संपून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्र ते किरण टिपते. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. म्हणून सायक्लोट्रॉनमधून निघालेली कुपी अंधेरीच्या रुग्णालयाकडे येताना वाहतुकीत अडकली तर औषध वाटेतच झिजत जाते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातूनही नेमके ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचेच गॅमा किरण येतात. परळला रुग्णाच्या शरीरात जे होते तेच तिथे प्रचंड प्रमाणावर चालू आहे. तिथले पॉझिट्रॉन नक्की कुठून येतात, यावर अजून वाद संपलेला नाही.

दादर, सिद्धिविनायक, वरळी. आचार्य अत्रे चौकानंतर येणाऱ्या स्थानकाचे नावच सायन्स सेंटर, वर नेहरू विज्ञान केंद्र. इथे लेझरची गोष्ट सांगायला हरकत नाही.

लेझर झोत जितका तीव्र तितका तो वर्धन करणाऱ्या काचा-स्फटिकांनाच जाळतो. या अडचणीने वीस-पंचवीस वर्षे सगळ्यांना अडवून ठेवले होते. १९८५ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मूरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी तोड काढली, आणि २०१८ चे नोबेल त्यांना त्याचसाठी मिळाले. अंधेरी स्टेशनाच्या पादचारी पुलाची कल्पना करावी. लोकलचे हजार प्रवासी एकदम पुलावर चढले तर पूल धोक्यात येतो. त्यांना लांब रांगेत लावले, एकेक करून पलीकडे नेले आणि उतरल्यावर पुन्हा एका ठिकाणी गोळा केले, तर पुलाला काही होत नाही. मूरू-स्ट्रिकलंड यांनी प्रकाशाच्या स्पंदाला आधी हजारो पटींनी ताणून लांब केले, त्या सौम्य अवस्थेत त्याची ऊर्जा वाढवली आणि शेवटी त्याला आखडून पुन्हा आखूड केले. आखडण्याचे काम आरशासारख्या जाळ्या करतात, म्हणून स्फटिक वाचतो.

आखूड म्हणजे किती? कुलाब्याच्या त्या संस्थेतल्या लेझरचा स्पंद सुमारे २५ फेमटोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात प्रकाश साडेसात मायक्रोमीटर जातो, केसाच्या जाडीच्या दशांशाइतका. असा प्रकाशाचा पातळ पापुद्रा धातूवर आपटतो. त्यातली ऊर्जा चार ज्यूलच्या आत, म्हणजे चारशे ग्रॅमची पिशवी मीटरभर उचलण्याइतकी. पण ती इतक्या कमी वेळात खर्च होते की शक्ती भरते १५० टेरावॉट. साऱ्या भारताची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता अर्ध्या टेरावॉटच्या आसपास आहे. त्या क्षणापुरता हा झोत तिच्या तीनशे पट असतो.

महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, गिरगाव. पुढचे स्थानक काळबादेवी, आणि त्याच्या जवळच झवेरी बाजार. सोनेच का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

प्रयोगात सोने वापरतात ते त्याच्या भावामुळे नाही, अणुक्रमांकामुळे. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. लेझरचा झोत पत्र्यावर पडला की पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि प्रकाशाचे विद्युत व चुंबकीय क्षेत्र त्यातले इलेक्ट्रॉन उचलून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आत फेकते. आत गेलेला इलेक्ट्रॉन सोन्याच्या जड अणुकेंद्राजवळून वळतो, त्याला ब्रेक लागतो आणि गमावलेल्या ऊर्जेचा गॅमा किरण होतो. तो गॅमा किरण दुसऱ्या अणुकेंद्राजवळ पोचला आणि त्याची ऊर्जा १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असली, तर त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन उभे राहतात. दोन्ही पायऱ्यांना अणुकेंद्राचा भार जितका जास्त तितके बळ मिळते. लिव्हरमोरच्या आधीही लेझरने पॉझिट्रॉन मिळवले गेले होते, पण पत्रे कागदाएवढे पातळ होते. चेन यांच्या गटाने जाड पत्रा घेतला आणि जोड्या होण्यासाठी पुरेसा रस्ता दिला. आणखी एक लाभ त्यांना मिळाला. पत्र्यामागे आधीच उसळून गेलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे तिथे जबर विद्युत क्षेत्र तयार होते, आणि ते धनभारित पॉझिट्रॉनांना पुढे ओढून आणखी वेग देते.

इलेक्ट्रॉनपासून गॅमा किरण, गॅमा किरणापासून जोडी, जोडीतल्या प्रत्येकापासून पुन्हा गॅमा किरण. ही साखळी भौतिकशास्त्रात एका मुंबईकराच्या नावाने ओळखली जाते.

हुतात्मा चौकाच्या स्थानकातून वर आले की एल्फिन्स्टन कॉलेज आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. होमी जहांगीर भाभा दोन्हीकडे शिकले. १९२७ मध्ये ते केंब्रिजला यांत्रिकी अभियांत्रिकीसाठी गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. पॉझिट्रॉन सापडून चारच वर्षे झाली होती, तेव्हा १९३६ साली त्यांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल याचे गणित प्रसिद्ध केले. त्याला आज जगभर भाभा विकिरण म्हणतात, आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर घडवणारी यंत्रे आपल्या झोतांची घनता याच गणिताने तपासतात. पुढच्याच वर्षी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. वातावरणाच्या माथ्यावर आलेला एकच वेगवान इलेक्ट्रॉन पायरीपायरीने वाढत जाऊन खाली कणांचा पाऊस कसा पाडतो, ते त्यांनी संख्येनिशी दाखवले.

सगळ्या प्रवासातली सर्वांत सुंदर गोष्ट बहुधा हीच. समुद्रसपाटीवरच्या हवेत या साखळीची एक पायरी उतरायला सुमारे ३०० मीटर लागतात. सोन्यात तीच पायरी सव्वातीन मिलिमीटरमध्ये उतरते. भाभांनी ज्या वर्षावाचे गणित केले तो आकाशात किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेला असतो. लिव्हरमोरच्या पत्र्यात तो बांगडीच्या जाडीत मावला. नियम तोच, गणित तेच.

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले, युद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगळूरला सुरू झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली, १९४९ मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली, आणि १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन झाले. या संस्थेत अनेक वर्षे काम करणारे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याला राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला येत-जात. आज अंधेरीहून तासाभराच्या प्रवासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याने हे जरूर लक्षात ठेवावे.

कफ परेडला मेट्रो संपते. तिथून टॅक्सीने किंवा बेस्टने कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे जायचे. वाटेत १८५८ सालचे अफगाण चर्च लागते, मग नेव्ही नगरची नौदलाची वस्ती. रस्ता शांत होतो, झाडे दाट होतात आणि समुद्राचा वारा अंगावर येतो. संस्थेत शिरायला आधीची परवानगी आणि ओळखपत्र लागते. दर्शनी दालनात मकबूल फिदा हुसेन यांचे 'भारत भाग्य विधाता' हे भलेमोठे भित्तिचित्र आहे. भाभांना चित्रकलेची उत्तम जाण होती आणि प्रयोगशाळेच्या भिंतींवर चांगली चित्रे असावीत असा त्यांचा आग्रह होता.

अतितीव्र लेझरची प्रयोगशाळा इथेच आहे. प्राध्यापक जी. रवींद्र कुमार यांनी ती उभी केली. त्यांना २००३ चा भटनागर पुरस्कार आणि २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. अशा प्रयोगशाळेत धूळ चालत नाही, हादरा चालत नाही, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय कोणी आत जात नाही. स्फटिकाला ऊर्जा देणारा लेझर हिरवा असतो, तर मुख्य झोत लाल रंगाच्या पलीकडे सरकलेला, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. शेवटचा टप्पा निर्वात पेटीत घडतो, कारण इतका एकवटलेला प्रकाश हवेत सोडला तर हवाच फाटून प्लाझ्मा होईल. प्रत्येक झोतानंतर लक्ष्यावर एक सूक्ष्म खड्डा पडतो, म्हणून लक्ष्य दर वेळी थोडे सरकवून नवी जागा पुढे आणावी लागते.

कुलाब्याच्या गटाचे नाव झाले ते या खड्ड्यावरच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे. आत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह म्हणजे प्रचंड विद्युतप्रवाहच, आणि तो तितकेच प्रचंड चुंबकीय क्षेत्र उभे करतो. २००२ साली त्यांनी २.७ कोटी गॉस इतके क्षेत्र नोंदवले. ते सहा पिकोसेकंद टिकले होते. मुंबईत होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते पाच कोटी पटींहून जास्त. मोजायची युक्ती अशी की मुख्य झोतापाठोपाठ एक दुबळा झोत पाठवायचा आणि परत येताना त्याचे ध्रुवण किती बदलले ते पाहायचे. दुबळ्या झोताला थोडा थोडा उशीर करत गेले की क्षेत्र कसे वाढले आणि कसे ओसरले, याचा चलच्चित्रपट मिळतो.

पुढची पायरी थेट खगोलशास्त्राची होती. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये या गटाने दाखवले की ही क्षेत्रे गुळगुळीत नसतात, त्यांच्यात खळबळ असते. मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान, अशी ती उतरते. २०१७ च्या कामात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे प्रेधिमान कौ आणि लिस्बनचे शास्त्रज्ञ सहभागी होते. सुरुवातीला खळबळ हलक्या इलेक्ट्रॉनांच्या हातात असते आणि काही पिकोसेकंदांनी तिची सूत्रे जड आयनांकडे जातात, हे त्यात दिसले. सौर वाऱ्यात आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या सीमेवर उपग्रहांनी जी खळबळ मोजली तिच्याशी या आलेखांचे साम्य निघाले. टेबलावरचा खड्डा केसाच्या जाडीचा, सौर वाऱ्याचा पसारा कोट्यवधी किलोमीटरचा. तरी समीकरणात आकार, वेळ आणि क्षेत्र यांची गुणोत्तरे जुळली की दोन्हीकडचे वागणे जुळते. टेबलावरच्या खगोलशास्त्राची सगळी भिस्त या जुळणीवर आहे.

खरा जोडी-प्लाझ्मा, म्हणजे ज्याच्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समसमान आहेत असा, मात्र युरोपात साकारला. त्याची गरज का पडावी? नेहमीच्या प्लाझ्मात धन बाजूला प्रोटॉन असतो, इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड. एक हत्ती आणि एक मुंगी यांचा तो संसार. जोडी-प्लाझ्मात दोन्ही बाजू सारख्याच हलक्या, त्यामुळे नेहमीच्या काही लहरी त्याच्यात उठतच नाहीत. न्यूट्रॉन ताऱ्याचा वारा असो, कृष्णविवराजवळून सुटणारा फवारा असो किंवा गॅमा किरणांचा महास्फोट असो, तिथले वागणे प्रोटॉनच्या प्लाझ्मावरून ठरवता येत नाही. संगणकावर ते काढता येते, पण संगणकाला ताडून पाहायला प्रत्यक्ष मोजमाप हवे. २०१५ साली इंग्लंडमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत जॅनलूका सारी यांच्या गटाने ॲस्ट्रा जेमिनी लेझरने वेगवान केलेले इलेक्ट्रॉन शिशावर सोडले आणि दोन्ही कण समसमान असलेला घन झोत मिळवला. २०२४ मध्ये सर्नमध्ये लेझरऐवजी ४४० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन वापरून दहा लाख कोटींहून जास्त जोड्यांचा झोत तयार झाला. २०२५ मध्ये त्याच गटाने असा झोत मीटरभर प्लाझ्मातून पाठवला. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे काही गॅमा किरण वाटेत हरवतात ते का, हा त्यांचा प्रश्न होता. झोत अपेक्षेपेक्षा फारच कमी विस्कटला. तेव्हा किरण हरवण्याचे खापर झोताच्या अस्थिरतेवर फोडता येत नाही, दीर्घिकांमधल्या पोकळीत विश्वाच्या बाल्यावस्थेतले क्षीण चुंबकीय क्षेत्र शिल्लक असावे, या शक्यतेला त्यातून बळ मिळाले.

आकाशाकडचा पुरावाही महाराष्ट्रात जमा होतो. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी न्यूट्रॉन ताऱ्यांची स्पंदने ऐकतात. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण टाटा संस्थेचीच. २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचे क्ष-किरण उपकरणही याच संस्थेत घडले, आणि २०१७ साली त्याने खेकडा तेजोमेघातल्या ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवण फिरण्याच्या प्रत्येक टप्प्यावर मोजले. एकाच संस्थेचा एक हात टेबलावरच्या प्लाझ्माचे ध्रुवण मोजतो आणि दुसरा ताऱ्याचे. मुंबईच्या नकाशावर या संस्थेचे मोल राजाबाई टॉवरपेक्षा कमी नाही, आणि शहराला त्याची पुरेशी जाण नाही.

परतीची गाडी संध्याकाळी सीप्झला पोचते तेव्हा पाळी सुटलेली असते. कारागीर तपासणी देऊन बाहेर पडत असतात. अंधेरीच्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानशिक्षकांनी दहावी-बारावीच्या मुलांना एकदा तरी हा प्रवास घडवावा. संस्थेकडे रीतसर परवानगी मागावी, आणि ती मिळेपर्यंत जवळची वाट धरावी. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ पासून जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये 'चाय अँड व्हाय' नावाच्या विनामूल्य विज्ञानगप्पा सुरू केल्या, आणि जुहू अंधेरीहून रिक्षाच्या अंतरावर आहे. मुलांनी घरातली बांगडी आणि भिंग बरोबर न्यावे, आणि सोन्यातून पॉझिट्रॉन कसा निघतो ते शास्त्रज्ञांनाच विचारावे.